वटी भरल्याचा फोटो

पेपर मी वाचायचा आणि भागूनं तो खोटा पाडायचा, ही आमची रोजची सकाळ. मी चौथीपर्यंत शिकलेला, तिला अक्षर येत नव्हतं. शेवटच्या दिवशीही तसंच झालं. इंदुरी गावातल्या आमच्या घरी ती पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. मी वाचलं, डोंगराकडच्या एका वाडीत बिबट्या दिसला.

"कुनी बघितला?"

"लोकांनी."

"लोकांला नाव न्हाई व्हय?"

त्याच्याखाली सिनेमातल्या एका बाईंची बातमी होती. आता त्यांचं वय झालंय, त्या कुणाला भेटत नाहीत, घमेंडी झाल्यात, असं लिहिलं होतं. भागूचा हात थांबला.

"त्यानं भेटून लिवलंय का न भेटता?"

"ते काही दिलं नाही."

"भेटला न्हाई तर घमेंड कुटनं दिसली त्याला?"

मग तिनं सोललेले दाणे सुपात लोटले आणि उठली. दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही.

मेलेल्या माणसाबद्दल गोड बोलायची रीत आहे. पण माझी बायको संशयी होती, हे मी लिहिणार. दूधवाल्यासमोर ती दुधात बोट बुडवून बघायची. पाव्हणा येताना पेढे घेऊन आला, की ह्याचं काय काम अडलंय, हे तिला आधी कळायला पाहिजे. मला ताप आला तर माझ्या कपाळावर हात ठेवायची, मग स्वतःच्या कपाळावर ठेवायची, आणि म्हणायची, "हाय खरंच." पण एक होतं. वाईट ऐकलं तरी तेवढाच संशय घ्यायची. विहिरीवर कुणाच्या सुनेची निंदा निघाली, की ही म्हणायची, "तू हुतीस का तितं?" त्यामुळं बायका हिला टाळायच्या.

ज्या बाईंची बातमी म्हणालो, त्यांना आम्ही जवळून पाहिलंय. लोणावळ्याला एका शेटच्या बंगल्यावर मी माळी होतो आणि भागू स्वयंपाकाला. शेट बंगला भाड्यानं द्यायचा. दोन उन्हाळे ह्या बाई तिथं राहिल्या. त्यांचं नाव मी घेत नाही, घेणारे पुष्कळ झाले. तेव्हा त्या पंचविशीच्या असतील, लग्न झालेलं नव्हतं. भागू सुरुवातीला त्यांच्यापासून लांबच राहायची. एकदा बाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून पिठलं-भाकरी खाताना रडायला लागल्या. भागूनं चुलीपासून न हलता विचारलं, "खरं रडताय का शिनेमाच्या कामाचं?"

बाई रडता रडता हसल्या. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. आई लहानपणी गेली, भाऊ येतो तो शूटिंगच्या तारखा ठरवायला, जाऊन दोन दिवस राहावं असं घर कुठं नाही. त्या दिवसापासून भागूचा संशय गेला. ज्याच्यावरचा गेला त्याच्यावरचा कायमचा गेला, असं तिचं होतं.

दुसऱ्या उन्हाळ्याला बाई मुंबईला निघाल्या, तेव्हा भागूनं नारळ, तांदूळ आणि खण काढला. मी म्हटलं, "अगं, वटी सवाष्णीची भरतात. लगीन झालेलं नाही तिचं."

"माहेरातनं निघालेली पोर रिकाम्या वटीनं जाईल व्हय?" एवढंच बोलली आणि फाटकाजवळ गाडीच्या दारात तिनं त्यांची ओटी भरली. बाईंनी पदर पसरला होता.

करवंदीच्या कुंपणापलीकडं एक फोटोवाला उभा होता. तो आम्हाला दिसला नाही.

पंधरवड्यानं स्टेशनवरच्या स्टॉलला मुंबईचं एक साप्ताहिक टांगलेलं दिसलं. वरच तो फोटो. बाईंचं तोंड, पसरलेला पदर, नारळ, आणि भागूची नुसती पाठ. खाली छापलं होतं, "लोणावळ्यात ओटी भरली. लग्न गुपचूप उरकलं, की पाळणाही हलणार?" मी तिला वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं.

लिहिणारा माणूस स्टेशनजवळच्या हॉटेलात उतरतो असं कळलं, तशी ती मला घेऊन तिथं गेली. माणूस सभ्य होता. आमच्यासाठी चहा मागवला.

"बसा मावशी."

"बाईचं लगीन झालं, असं तुमी लिवलं?"

"मी कुठं लिहिलं? मी विचारलंय. पुढं प्रश्नचिन्ह आहे बघा." मी बघितलं. होतं.

"ओटी तुम्हीच भरलीत ना?"

"भरली."

"फोटो खोटा आहे?"

"न्हाई."

"मग मी खोटं काय छापलं?"

भागूनं अंक त्याच्याकडं सरकवला. मग म्हणाली, "आता असं लिवा. पोरीला माहेर न्हाई, म्हून ह्या बाईनं वटी भरली."

"ते कोण वाचणार, मावशी?" तो हसून म्हणाला. चहाला तिनं हात लावला नाही. मी प्यालो.

वाटेत म्हणाली, "त्यो खोटं बोललाच न्हाई वो. त्याचंच भ्या वाटतंय."

पुढच्या आठवड्यात बाईंचा भाऊ गाडी घेऊन आला. त्या बातमीनं बाईंच्या हातचं एक मोठं काम गेलं होतं. त्यानं तो अंक भागूपुढं टाकला. "बरोबर पाठ करून उभी राहिलीस. तुझं तोंड नाही आलं, तिचं आलं. किती घेतलेस?"

"बाईस्नी इचारा."

"तीच म्हणते."

शेटनं आम्हाला काढलं. आम्ही इंदुरीला आलो, शेतावर रोजानं जायला लागलो. बाई पुन्हा भेटल्या नाहीत. भागूला नोकरी गेल्याचं दुःख नव्हतं. भाकरी थापताना, शेतात निंदताना मधेच विचारायची, "त्या खरंच तसं म्हनल्या आसतील का वो?" मी म्हणायचो, भाऊच खोटं बोलला असेल. त्यावर म्हणायची, "तुमी हुता तितं?" तिच्याच सवालानं तिची समजूत पटेना. वीस-एक वर्षं हे चाललं.

ती गेली त्या रात्री माझ्या पुतण्यानं, दत्तूनं, तळेगावच्या पेपरात द्यायला मजकूर लिहिला. "प्रेमळ व मनमिळाऊ भागीरथीबाई यांचे अल्पशा आजाराने निधन." सकाळी मी तो कागद घेऊन निघालो. माझा भाऊ म्हणाला, "सुतकात कुटं चाललास?" मी थांबलो नाही.

छापखानेवाल्याला म्हटलं, "ती आजारी नव्हती. ते काढा. मनमिळाऊ पण काढा."

"बाबा, मग राहिलं काय?"

"नाव राहिलं. त्याच्याखाली लिहा, लोणावळ्याच्या फोटोचे तिनं पैसे घेतले नव्हते."

"कुठला फोटो? वाचणाऱ्याला काय कळणार?"

"एका बाईला कळंल."

"त्या आपला पेपर वाचतात?"

"ठाऊक नाही."

निधनात असलं बसत नाही, असं तो म्हणाला. मी बाकावर बसलो. त्यानं दुसरी कामं केली, दोन गिऱ्हाइकं वाटेला लावली, माझ्याकडं बघितलं, आणि शेवटी अक्षरांचे खिळे जुळवायला घेतले. मी उठून, तो काय जुळवतोय ते बघायला त्याच्या पाठीमागं उभा राहिलो.