कुंचीची चिंधी आणि पडद्यावरचा रंग

परदेशातून तुझ्या बारशाचा फोटो आला तेव्हा देवासच्या घरात कंप्यूटर नवाच होता. लावून देताना दुकानदार म्हणाला होता, "माताजी, कलर नौ हजार तीन सौ पे ही रहने दो, सब चकाचक दिखेगा." मला चकाचक नको होतं. तू आहेस तशी दिसायला हवी होतीस. तेवढ्या दूर तुला बघायची दुसरी सोयच नव्हती.

मॅन्युअल इंग्रजीत होतं, ते पहिल्या पानापासून वाचलं. मॉनिटर तापू दिला, पश्चिमेची खिडकी लावली, पडद्याची निळसर-पांढरी झाक जावी म्हणून रंग साडेसहा हजारांवर आणला. पण पडताळायचा कशाशी? तुझी कुंची मीच शिवून पाठवली होती. त्या हळदी कापडाची चिंधी शिवणाच्या डब्यात उरली होती. ती काचेशी धरून बटणं दाबत राहिले, फोटोतली कुंची आणि हातातली चिंधी एक होईपर्यंत. मग तुझ्या गालाकडे पाहिलं. चांगली सावळी, माझ्या आईसारखी.

रविवारी धारहून वन्सं आल्या, म्हणजे आजोबांची बहीण. फोटो उघडला तर कुंची पार फिकट, आणि तू दुधातून काढल्यासारखी. आजोबांनी सकाळीच बटणं फिरवली होती.

"आपल्याकडची गोरी हो अगदी," वन्सं म्हणाल्या. "मला धाकधूक होती वहिनी, तुमच्यावर जाते की काय!"

त्या गेल्यावर मी विचारलं, तर आजोबा म्हणाले, "लोकांना काय दाखवावं एवढं कळत नाही? एवढी एम.ए. इंग्लिश तू!"

मी रंग पुन्हा जुळवला. पाहुणे यायचे असले की ते बिघडवायचे. वर्षानुवर्षं हेच.

चार वर्षांची होऊन तू आलीस. वन्संनी हनुवटी धरून तुझं तोंड उजेडाकडे वळवलं. "अगो बाई, कंप्यूटरवर तर गोरी होती! उन्हात ठेवता की काय हिला?" सगळे हसले. तुला तेव्हा मराठी कळत नव्हतं; तू बाबाला विचारलंस, काय म्हणाल्या? तो म्हणाला, "तू किती मोठी झालीस म्हणतात." मग तूही हसलीस.

हल्ली तू पाठवतेस ते फोटो उजळवलेले असतात. म्हणजे वन्संच्या त्या वाक्याचा खरा अर्थ कुणीतरी तुला सांगितलाच.

चिंधी या कागदाला टाचली आहे. बारशाचा फोटो उघड, आधी तिच्याशी रंग जुळव, मग स्वतःकडे बघ. तुझ्या धाकट्या भावाला हे तूच वाचून दाखव. अक्षर अडलं तरी बाबाकडून वाचून घेऊ नकोस.