चादरीचा कोपरा

आमच्या वॉर्डातल्या एक आजी सकाळपासून शुद्धीत नव्हत्या, पण चादर चिमटीत धरून ओढत होत्या. शेवट जवळ आला की काही माणसांची बोटं अशी चालतात. मी कोपरा गादीखाली खोचायचे, त्या तो सोडवायच्या.

नर्सिंग कॉलेजात आमच्या ट्यूटर मॅडम असाच माझा कोपरा ओढायच्या. सरावाच्या वर्गात बाकीच्या मुलींच्या खाटा ओलांडून माझ्याच खाटेपाशी थांबायच्या, नीट न बघताच चादर उपसायच्या आणि म्हणायच्या, "पुन्हा."

शेजारची सुनंदा कुजबुजायची, "तुझ्याच मागे का लागल्यात गं?"

ते मला कधीच कळलं नाही. जिचं कारण कळत नाही ती शिक्षा अंगातून जात नाही, पाठीत कुठंतरी बसून राहते. सगळ्या जेवायला गेल्या की मी खाटेवरच्या रबरी डमीशी बोलत चादर घालायचे. "आजी, जरा कुशीवर वळा हं." तिचे उघडे डोळे छताला लागलेले असायचे. तेवढ्या बोलण्यावर मी ती वर्षं काढली.

दुपारी आजी गेल्या. डोळे उघडेच, छताला लागलेले. अंग पुसताना मी सवयीने म्हटलं, "आजी, जरा कुशीवर वळा हं." आणि ते अंग हाताला अगदी हलकं लागलं, त्यांनीच वळायला मदत केल्यासारखं.

मी कोपरा खोचला. मग मागे सरून उभी राहिले, कोणी येऊन तो ओढेल याची वाट बघत.