डोक्यावरची पोकळी

आमचे भावोजी कवळ्या बनवतात. दंतवैद्य पेशंटच्या तोंडाचे ठसे घेतात आणि भावोजींकडे धाडतात. पुढचं सगळं भावोजी करतात. अर्धं शहर आपल्या दातांनी जेवतं, असं ते येता-जाता ऐकवतात. पण दात पोटापुरते. जीव सगळा दगडांत. सुट्टी मिळाली की हातोडी-छिन्नी घेऊन बंद पडलेल्या खाणींत जायचं, स्फटिक शोधायचे, आणि दातांच्याच ब्रशने ते तासन् तास घासत बसायचं. घरात बघाल तिकडे अंड्यांचे ट्रे आणि त्यांत खडे. भाचीचं लग्न झालं, तिची खोली रिकामी झाली, तर आठवड्याच्या आत तिच्या पलंगावर दगड झोपले. ताईला दुपारी आडवं व्हायचं तर बैठकीतल्या खुर्च्या जोडाव्या लागतात.

भाची केव्हाची आईच्या मागे लागली होती, की आता कायमची माझ्याकडे ये. ताई टाळत होती. शेवटी एकदा माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाली, "ते वाईट नाहीत गं. कधी आवाज चढवला नाही, कधी काही कमी पडू दिलं नाही. पण मी घरात आहे हे त्यांच्या ध्यानातच नसतं. एकदा त्यांच्याबरोबर खाणीत जाऊन बघते. तिथे तरी मी दिसते का त्यांना. मग लेकीला काय ते सांगते."

आता माणसाची परीक्षा घ्यायची तर ती त्याला आधी सांगावी, असं माझं मत. ताईला ते पटलं नाही. गाडी माझी, म्हणून मीही बरोबर.

भावोजी खुशीत होते. "बायको आणि मेहुणी, दोघी एकदम! आज खाणीने तरी काय पुण्य केलंय!" वाटेत त्यांनी आम्हाला शिकवलं, की दगड ठोकून ऐकायचा. भरीव असेल तर टण्ण वाजतो, पोकळ असेल तर ढब. ढब वाजला की आत पोकळी, आणि पोकळीत स्फटिक लगडलेले. या माणसाला इतकी खोड, की दवाखान्यात नंबर लावून बसले तरी मागची भिंत बोटांनी वाजवून बघतात.

खाणीत आधी सगळं बरं चाललं. त्यांनी ताईला छिन्नी कशी धरायची ते दाखवलं. तिला एक बोटभर चमकता खडा मिळाला. भावोजींनी तो उजेडात धरला आणि म्हणाले, "हात चांगला आहे हं तुझा." ताईचा चेहरा असा खुलला की मी मनातल्या मनात भाचीला कळवूनही टाकलं, आई काही येत नाही म्हणून.

तेवढ्यात आभाळ काळंठिक्कर झालं. वारा सुटला, धुळीने डोळे भरले आणि गारा कोसळायला लागल्या. गाडी खाणीच्या पार पलीकडच्या काठाला. भावोजींनी आम्हा दोघींना ओढत एका कपारीखाली नेलं, स्वतःची टोपी काढून ताईच्या डोक्यावर घातली. मी कधी नव्हे ते त्यांच्यावर खूश झाले.

आणि मग त्यांचा हात वर गेला. जित्याची खोड. त्यांनी डोक्यावरचा दगड हातोडीने ठोकला.

ढब.

"ऐकलंत?" त्यांचे डोळे लकाकले. "केवढी पोकळी आहे ही!"

"अहो, डोक्यावर पोकळ आहे," ताई म्हणाली. "बाहेर चला."

"दोनच मिनिटं. ती छिन्नी दे."

सारा जन्म दगडांत घातलेल्या माणसाला हे कळू नये? कळत असणार. पण ढब ऐकलं की त्यांना फक्त आतलं दिसतं. ताईने माझा दंड धरला आणि मला गारांत बाहेर काढलं. भावोजी ठोकतच होते.

"मी आत येणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही या."

"अगं, भिजशील. ये आत."

ती हलली नाही. गारा सटासट लागत होत्या. टोपी वाऱ्याने उडाली, आणि एक गार तिच्या कपाळावर बसून रक्त आलं. भावोजींनी वळून पाहिलं. हातोडी तिथेच टाकून ते धावत आले. त्यांनी तिच्या कपाळावर रुमाल दाबला, आणि त्यांच्या पाठीमागे अख्खी कपार खाली आली.

ताईने दोन्ही हातांनी त्यांची बाही घट्ट धरली होती. ती काही बोलत नव्हती, सोडतही नव्हती. मी मात्र रडत होते.

भावोजी वळले. फुटलेल्या दगडांत हिरवट पांढरे स्फटिक उघडे पडले होते आणि पावसाने धुऊन निघत होते. खोटं कशाला बोलू, तितकं सुंदर मी काही पाहिलेलं नाही. भावोजी बघत राहिले. मग त्यांनी ताईची बोटं एकेक करून बाहीवरून सोडवली, अगदी हळुवारपणे, तिला दुखू नये अशी. "एक मिनिट हं," म्हणाले आणि गेले.

परतताना ते मागच्या सीटवर होते, कोटात गुंडाळलेले स्फटिक मांडीवर घेऊन. पाऊस ओसरला होता. अशी पोकळी जन्मात एकदाच मिळते, असं काहीबाही सांगत होते. ताईने माझ्या शेजारी बसून लेकीला फोन लावला. "मी येते," ती म्हणाली. "हो, कायमची. तू म्हणालीस तशी."

मागचा आवाज बंद झाला. आरशात मला भावोजींचा चेहरा दिसला. मला त्यांचा राग आला होता, तरी तो चेहरा बघवेना.

"थांबशील का?" शेवटी त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच विचारलं असेल.

ताईने मागे वळून पाहिलं नाही.

"मघाशी तुमची बाही धरली होती ना," ती म्हणाली, "तेव्हा मीही तेच म्हणत होते."