पाटलीच्या देवतेला निरोप

गंगा आणि शोण जिथे भेटतात त्या पाटलीगावात सामा सून म्हणून आली, तेव्हा गावाला साधं कुंपणही नव्हतं. नावाड्यांची घरं आणि मधोमध पाटलीचं झाड. तिची दोन लेकरं तान्हेपणीच गेली. तिसऱ्यासाठी तिने झाडातल्या देवतेला नवस केला. तिस्स झाला आणि जगला. तेव्हापासून झाडाखालचा दिवा सामाच लावी.

मग राजा राहत होता त्या राजगृह नगराहून हुकूम आला. राजधानी इथे येणार. दोन्ही नद्यांचा माल इथे उतरेल, गंगेपलीकडच्या शत्रूंवर, वज्जींवर, नजर राहील. गावाभोवती सालवृक्षाच्या ओंडक्यांचा तट चढत चढत आला तो नेमका पाटलीपाशी अडला.

सुतारांचा म्होरक्या सुप्पिय तिच्या दारात बसला.

"सामाआई, देवतेला ऊठ म्हण. त्याशिवाय माझी माणसं कुऱ्हाड उचलत नाहीत."

"राजाचा हुकूम आहे ना? दाखव की झाडाला!"

"झाड ऐकत असतं तर तुझा उंबरा झिजवला असता होय?"

"आणि जाताना तिने दिलेलं परत नेलं तर रे?"

आता हाताशी आलेला तिस्सच बोलला, "आई, वज्जींनी नावा जाळल्या तेव्हा तट असता, तर बाबा आज असते."

सामाने दिव्यात तेल भरून ठेवलं.

पहाटे तिने झाडापुढे डोकं टेकलं. "आई, घाटावरच्या पिंपळात चल. मी पुढे होते. माझं पोर तेवढं मला राहू दे."

देवता मागून येते. नेणाऱ्याने वळून पाहिलं की ती फिरते, हे सगळ्यांना ठाऊक. सामा दिवा घेऊन चालू लागली. तटापाशी ओंडके रचणाऱ्यांत तिस्सही होता. मागून धाडकन आवाज झाला, माणसं ओरडली, आणि तिस्सची हाक आली, "आई गं!"

पण ती वळली नाही. पिंपळाखाली दिवा ठेवला, हात जोडले, आणि मग धावत सुटली.

ओंडका तिस्सच्या पायावर घसरला होता. तो वाचला, लंगडा झाला.

तट पुरा झाला. राजा आला, सैन्य आलं, बाजार बसले, दूरदेशीची माणसं वेशीत उभी राहू लागली. कोणी बाई तिला विचारी, "हाक ऐकूनही वळली नाहीस गं?"

सामा म्हणे, "वळले असते, तर देवता फिरली असती आणि तट उघडा राहिला असता. पाय नेला तिने. पोर ठेवलं."