लाईट मी घालवली

माझी सून पहिल्या खेपेला नापास झाली तेव्हा माझा धाकटा भाऊ पारावर चार माणसांत म्हणाला, "दादा, आता तरी ती डबडी भंगारात घाला." मी म्हणालो, "तुझ्या घरातलं कुणी बसलंय का कधी अशा परीक्षेला? नापास व्हायला बी आधी बसावं लागतं." आणि उठून घरी आलो.

मी चौथीत शाळा सोडली, म्हणून ही परीक्षा कसली ते माझ्याच शब्दांत सांगतो. सून कळंबला इंटरनेटच्या हापिसात कामाला आहे. रोज स्कूटीवर जाते-येते. बँक, शाळा, दवाखाना, सगळ्यांच्या तारा कुठल्या ना कुठल्या पेटीत येऊन मिळतात आणि कुठला माल कुठल्या वाटेनं धाडायचा हे त्या पेट्यांना आधी शिकवून ठेवावं लागतं. ते शिकवणं हे हिचं काम. वरची जागा पाहिजे तर एक मोठी परीक्षा पास व्हावी लागते. तिच्यात कागदावर काही लिहायचं नाही. बंगळूरला दिवसभर यंत्रापुढं बसवतात, ही जोडणी करून दाखव म्हणतात, हे बंद का पडलंय ते शोध म्हणतात. सगळं हातानं. शेजारी उभा असलेला माणूस शब्दानं मदत करत नाही.

तयारीसाठी तिनं हापिसांनी टाकून दिलेल्या जुन्या पेट्या जमवल्या. मी बियाण्याची खोली रिकामी करून दिली आणि वेल्डरकडून लोखंडी मांडणी करून आणली. मुलगा हंगामात ढोकीकडं उसाच्या ट्रॅक्टरवर असतो, महिना महिना घरी येत नाही. मालकीण जाऊन लई वर्षं झाली. घरात सासरा आणि सून दोघंच, आणि सून दार लावून तारांशी खेळते, याच्यावर भावकीत काय काय बोलणं झालं ते मी लिहीत नाही. ऐकलं सगळं, सोडलं काहीच नाही, ज्याला त्याला जागेवर उत्तर दिलं.

माझ्यापुढं तिचा पदर कधी डोक्यावरून खाली आला नव्हता. त्या तारांच्या गुंत्यात पदर अडकायचा, ती एका हातानं पदर सावरायची आणि एकाच हातानं काम करायची. एकदा मी दारातून म्हणालो, "पोरी, परीक्षा दोन हातांनी द्यायची हाय ना? मग खोच तो पदर." ती म्हणाली, "लोक काय म्हणतील मामा?" मी म्हणालो, "म्हणायला लोकांना आत कुणी बोलावलंय?" तेव्हापासून खोचायला लागली.

मला तिनं एक काम दिलं होतं. ती चहा करायला गेली की मी एखादी तार काढायची, दुसरीकडं खुपसायची, आणि सांगायचं नाही. ती शोधायची. बिघाड करायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती. एकदा तर तार जागेवरच ठेवून तिचं टोक कात्रीनं आतल्या आत तोडलं. पत्ता लागेपर्यंत चहा गार झाला. "मामा, परीक्षेत एवढी खोडी कुणी करत नाही," ती म्हणाली. "मग सोपी जाईल," मी म्हणालो.

तरी ती नापास झाली. परत आल्यावर मी विचारलं, "काय येत नव्हतं?" ती म्हणाली, "सगळं येत होतं. वेळ पुरला नाही." आधी मला तो बहाणा वाटला. मग तिला काम करताना नीट बघत बसलो, तेव्हा उमगलं. आमच्याकडं लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही. गेली की ज्या गोष्टी पेटीत जपून ठेवलेल्या नसतात त्या पुसून जातात. म्हणून ती यंत्रावर एक ओळ लिहायची की लगेच जपायची, जपलं का ते बघायची, मग दुसरी ओळ. बंगळूरच्या त्या खोलीत लाईट जात नाही. पण हिचा जीव गावच्या लाईटीतच अडकलेला. दिवसभर ती न जाणारी लाईट जाईल म्हणून जपत बसली आणि शेवटचा भाग तसाच राहिला.

मी म्हणालो, "आता जपायचं न्हाय."

"आणि लाईट गेली तर?"

"गेली तर परत करायचं."

तिनं मान डोलावली, पण बोटं ऐकेनात. पाठ फिरली की जपायचीच. मग एका दुपारी तिचं सगळं काम होत आलं होतं, त्या दिवशी कधी नव्हे ते माझं ऐकून तिनं काही जपलेलं नव्हतं, आणि मी बाहेर जाऊन मेन स्विच खाली ओढला.

पंखे थांबले. खोलीतनं ती बाहेर आली. माझ्या घरात आल्यापासून पहिल्यांदा ती माझ्यावर ओरडली.

"मामा! हे काय केलंत?"

"लाईट गेली."

"गेली न्हाय, तुम्ही घालवली!"

"व्हय, घालवली. आता कर परत."

मी स्विच वर ढकलला. ती रडली नाही. दार आपटून आत गेली आणि रागारागानं सगळं पुन्हा केलं. सकाळपासून चाललेलं काम ऊन उतरायच्या आत उरकलं. बाहेर येऊन म्हणाली, "झालं." मी म्हणालो, "बघ." पुढं किती वेळा घालवली ते मोजलं नाही. तिचा राग गेला, मग भीती गेली, मग ती नुसती "घालवा मामा, घालवा" म्हणायला लागली.

दुसऱ्या खेपेची तारीख आली ती नेमकी चंपाषष्ठीच्या दिवशी. आमचं दैवत अणदूरचा खंडोबा. त्या दिवशी सगळी भावकी माझ्या घरी तळी भरायला येते आणि भरीत-भाकरीचा नैवेद्य थोरल्या घरच्या सुनेनं करायचा, हा आमचा रिवाज. भाऊ आला आणि ओट्यावर बसूनच म्हणाला, "तारीख बदलून घ्यायला सांगा."

"कुणाला, देवाला का परीक्षेला?"

"दादा, चेष्टा नका करू. नैवेद्य कोण करंल?"

"मी करीन."

त्याला वाटलं, मी नुसता तोंडानं बोलतोय. सून माहेरच्या भावाला घेऊन आदल्या दिवशी बंगळूरला निघाली. चंपाषष्ठीच्या सकाळी मी आंघोळ करून चुलीपुढं बसलो. राखणीला शेतावर राहायचो तेव्हा तीन दगडांवर भाकरी करून खाल्लेला माणूस आहे मी. वांगी भाजली, कांद्याची पात चिरली. बाजरीच्या भाकरीचे काठ फुटले, फुटू दिले. भावजय दारातून बघून तोंडाला पदर लावून हसली आणि मला डिवचायला म्हणाली, "भाऊजी, लाटून देऊ का?" मी म्हणालो, "भाकरी थापतात, लाटत न्हाईत. एवढं तर मला बी कळतं." तळी उचलताना यळकोटाचा आवाज माझाच सगळ्यात मोठा होता.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "मामा, ह्या वेळी वेळ उरला. पण एक भाग चुकला. न्हाय झाले पास."

मी म्हणालो, "जेवलीस का?"

भावकीनं कुजबुज करायच्या आत मीच भावाच्या दारात गेलो. "नापास झाली," म्हणालो. "तोंडावर सांगतो, मागून ऐकू नको."

तो म्हणाला, "मग देवाचं बी गेलं आणि परीक्षा बी गेली."

"देवाचं कुठं गेलं? भाकरी मागून मागून खाल्लीस की तू."

त्याच्या घरातनं भावजयीचं हसू ऐकू आलं.

सून परत आली त्या दिवशी मी तिला एवढंच विचारलं, कुठला भाग चुकला. तिनं सांगितला, मला त्यातलं काडीचंही कळलं नाही. पण त्याच्यासाठी आणखी एक पेटी लागते एवढं कळलं. ती पेटी आली आहे. पुढची तारीखही आली आहे. या खेपेला तिच्यासंगं बंगळूरला मीच जाणार. भावाला सांगून टाकलंय, दोन दिवस माझ्या गुरांना वैरण-पाणी तू बघ.