वाळूचं घड्याळ, नग एक

नातीचा पाय मोडला तेव्हा पॅकिंगबाईला, खोटं कशाला बोलायचं, आतून थोडा आनंदच झाला होता. पाय मोडावा असं कुठल्या आजीला वाटेल? पण आठ वर्षांची ती पोर एरवी घरात टिकायचीच नाही. शाळा, गल्ली, मैत्रिणी, जिना. नावच पडलं होतं भिंगरी. जिन्याच्या शेवटच्या चार पायऱ्या चुकल्या, प्लास्टर मांडीपर्यंत आलं आणि डॉक्टरांनी सहा आठवडे पलंग सांगितला. चार वर्षांची धाकटी थोरलीला सोडून हलत नसे, म्हणून तिला सगळे शेपूट म्हणत. भिंगरी पलंगावर म्हणजे शेपूटही घरात. लेक आणि सून सकाळी आठला कामावर जात. सहा आठवडे दोघी नाती आपल्या एकटीच्या, असं पॅकिंगबाईनं मनात पक्कं धरलं.

तिसऱ्या दिवशी सुनेनं आपल्या आईला बोलावून घेतलं.

पॅकिंगबाईची एकतीस वर्षं कपबश्यांच्या कारखान्यात गेली होती. बश्या कागदात गुंडाळायच्या, कप उपडे लावायचे, कोपऱ्यांत भुसा दाबायचा, खोकं कानाशी धरून हलवायचं. आत जरा जरी आवाज झाला तरी पुन्हा सगळं सोडायचं. आणि शेवटी चिठ्ठी. माल काय, नग किती, बांधणारी कोण, तपासणारी कोण. चिठ्ठीशिवाय खोकं बंद करणं हा कारखान्यात गुन्हा होता. हातात एवढं मुरलं होतं ते, की घरी स्वेटर माळ्यावर टाकतानाही खोक्यात चिठ्ठी पडायची. ‘स्वेटर, नग पाच, बांधणारी २२.’ बावीस हा तिचा नंबर. लेक हसायचा. हसू दे. एकतीस वर्षांत तिच्या एकाही खोक्यात तपासणारीला खोट सापडली नव्हती.

फक्त एक गोष्ट राहून गेली होती. तिचा लेक लहानपणी काय खेळायचा, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तिची कारखान्यात पाळी असायची. तो शेजारणीकडे असायचा.

विहीणबाई आल्या त्या दोन पिशव्या घेऊन. कपड्यांची इवलीशी आणि खेळांची ही भली मोठी. बालवाडीच्या बाई होत्या त्या, सगळा जन्म पोरांत गेलेला. आल्या, चप्पल काढली, आणि पाणीसुद्धा न घेता पलंगावर चढून बसल्या. अर्ध्या तासात चादरीला सुरकुत्या पाडून नदी झाली होती, नदीत कागदी होड्या होत्या आणि दोघी पोरी नळीनं फुंकर मारून होड्या पळवत होत्या. पॅकिंगबाई दारात चहाचा कप घेऊन उभी राहिली. ती चादर तिनं सकाळीच बदलली होती.

मग रोज नवीन काहीतरी. उशीच्या अभ्र्यात चमचा, कंगवा, बटाटा, कुलूप घालायचं आणि डोळे मिटून हातानं ओळखायचं. खिडकीत बसून पैज लावायची, आता कोपऱ्यावरून येणाऱ्याच्या पायात बूट असतील की चपला. सगळ्यांत लाडका खेळ ‘डोकं आणि पाय’. भिंगरी डोकं, शेपूट पाय. विहीणबाई घरभर चिठ्ठ्या लपवत. पायांनी पळून चिठ्ठी आणायची, डोक्यानं पलंगावर बसून ती वाचायची आणि पायांना पुढे कुठे जायचं ते सांगायचं. प्रत्येक खेळाला वेळ लावायला एक वाळूचं घड्याळ होतं, काचेचं, बोटभर, दोन्ही टोकांना लाकडी चकत्या. विहीणबाईंनी ते बालवाडीत पहिल्या वर्षापासून वापरलेलं. वाळू संपायच्या आत चिठ्ठी आणायची म्हणून शेपूट असं काही पळायचं की खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या.

पाचव्या दिवसापर्यंत पोरींनी विहीणबाईंचं नाव खेळआजी ठेवलं. पॅकिंगबाई नुसती आजी राहिली. दूध द्यायला आजी, केस विंचरायला आजी, बेडपॅन धुवायला आजी. खेळायला खेळआजी. पॅकिंगबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. ती विहीणबाईंना पाण्यात पाहू लागली. त्यांचं हसणं खोटं वाटायचं, त्यांचं बसणं पसरट वाटायचं, दुपारी खुर्चीत डुलकी घेताना त्यांचं उघडं पडणारं तोंडसुद्धा मुद्दाम उघडल्यासारखं वाटायचं.

एकदा विहीणबाई अंघोळीला गेल्या तेव्हा तिनं संधी साधली. बटणांचा डबा पलंगावर ओतला आणि म्हणाली, “चला, खेळूया. रंगाप्रमाणे वेगळी करा. दहा-दहाचे ढीग लावा. फुटलेलं बटण बाजूला.”

भिंगरीनं तीन ढीग लावले आणि आजीकडे बघितलं. “मग पुढे काय होतं?”

“पुढे काय व्हायचंय? पुढे पांढरी.”

“आजी, हा खेळ नाहीये,” भिंगरी अगदी समजुतीनं म्हणाली. “हे काम आहे.”

पॅकिंगबाईनं बटणं पुन्हा डब्यात भरली. एकही कमी नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात शुक्रवारी संध्याकाळी सून कामावरून आली आणि म्हणाली, “आई...” दोघींनी वळून पाहिलं. सुनेच्या दोन्ही आया एका छपराखाली आल्यापासून हे रोजच चालू होतं. “दोघींनाही सांगते. सोमवारपासून पोरींना माझ्या आईकडे पाठवावं म्हणतोय आम्ही. उरलेले चार आठवडे. तिचं घर तळमजल्यावर आहे, पुढे अंगण आहे, चाकाची खुर्ची फिरवता येईल. आणि आई, तुम्हालाही जरा आराम मिळेल.”

आराम! कारखाना सुटल्यापासून सहा वर्षं दुसरं काय करत होती ती? पॅकिंगबाई “बरं” म्हणाली आणि पातेली घासायला लागली. घासलेलीच होती ती, तरी पुन्हा घासली. चार आठवडे तिकडे राहिल्यावर पोरी परत येतील त्या पाहुण्या होऊन येतील, हे तिला दिसत होतं. स्वतःचा लेक तिच्या हातून असाच गेला होता, शेजारणीच्या घरात, काही भांडण नाही, तंटा नाही.

शनिवारी दुपारी पोरी झोपल्या होत्या. विहीणबाई खुर्चीत तोंड उघडून. वाळूचं घड्याळ पलंगाच्या कडेला. घड्याळ नसलं की खेळाची मजा जाईल, मजा गेली की खेळआजी जाईल, सोमवार बारगळेल. मत्सराला डोकं फारसं नसतं, तेव्हा हा बेत तिला चांगला वाटला. तिनं घड्याळ उचललं. आपल्या खाटेखालच्या ट्रंकेमागे ते नुसतं सरकवून द्यायचं, एवढंच काम होतं.

पण काच होती ना. हात ऐकेनात. काच अशी उघडी टाकायची? तिनं रद्दीचा कागद घेतला, दोन पदर गुंडाळले. औषधाचं रिकामं खोकं आणलं, तळाला कापूस, बाजूंना कापूस. कानाशी धरून हलवलं. आवाज नाही. दोऱ्यानं आडवी-उभी गाठ मारली आणि ट्रंकेमागे सरकवलं, तेव्हा कुठे तिला बरं वाटलं. दाबताना आत आणखी काय गेलं, ते तिचं तिलाच कळलं नाही.

संध्याकाळी शोधाशोध झाली. विहीणबाईंनी पिशवी तीनदा पालथी केली. गाद्या उलटल्या. “मीच कुठेतरी ठेवलं असणार,” त्या पोरींना म्हणाल्या आणि खेळ टाळ्या वाजवून वेळ मोजत खेळवला. पोरी तितक्याच खिदळल्या. पॅकिंगबाईचा बेत तिथेच फसला.

नंतर विहीणबाई स्वयंपाकघरात आल्या. हात ओट्यावर टेकून उभ्या राहिल्या.

“ताई, एक सांगू? माझ्या लेकीला सांगू नका. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी वस्तू हरवायच्या. मग माणसं.” त्या हसायला गेल्या, पण जमलं नाही. “ते घड्याळ मी पलंगावर ठेवलं होतं हे मला डोळ्यांसमोर दिसतंय हो. आणि ते तिथे नाहीये.”

पॅकिंगबाईनं तोंड उघडलं. एका वाक्याचं काम होतं. मग बाहेरून शेपटाची हाक आली, “खेळआजी, ये ना!” आणि तिनं तोंड मिटून घेतलं.

रविवारी दुपारी सुनेनं पोरींचे कपडे काढून ठेवले होते. निघायच्या आधी शेवटचा डाव म्हणून पुन्हा ‘डोकं आणि पाय’. एक चिठ्ठी म्हणत होती, ‘जिथे आजी झोपते तिथे बघ.’ विहीणबाईंनी तिच्या पुढची चिठ्ठी उशीखाली ठेवली होती. पण चार वर्षांच्या पायांना उशीखाली आणि खाटेखाली यांतला फरक काय? शेपूट खाटेखाली शिरलं. पॅकिंगबाई उठेपर्यंत ते कोळिष्टकांसकट बाहेर आलं होतं, हातात दोऱ्यानं बांधलेलं खोकं.

“डोकं! हे बघ काय!”

दोरा सुटला. कापसावर चिठ्ठी होती. भिंगरीनं ती मोठ्यानं वाचली. “‘वाळूचं घड्याळ. नग एक. बांधणारी बावीस. तपासणारी’... पुढे काही नाही.”

पॅकिंगबाईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. एकतीस वर्षांची सवय, तिनंच तिला चव्हाट्यावर आणलं. लेक बघत होता, सून बघत होती. विहीणबाई चिठ्ठीकडे बघत होत्या.

“बावीस म्हणजे आजी!” भिंगरी ओरडली. “आजीनं लपवलं होतं! खेळआजी, तुलासुद्धा सापडलं नाही! आजी, तू कालपासून बोलली नाहीस?” तिचे डोळे असे चमकत होते की आजवर कुठल्याच खेळात चमकले नव्हते. “आणि ही जागा का रिकामी आहे?”

विहीणबाईंनी हात पुढे करून खोकं घेतलं. घड्याळ पुन्हा कागदात गुंडाळून आत बसवलं, झाकण लावलं, कानाशी धरून हलवलं. बराच वेळ ऐकत राहिल्या. मग पॅकिंगबाईकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते रागाचं होतं की सुटकेचं, हे पॅकिंगबाईला विचारायची छाती नव्हती.

“आवाज नाही,” त्या म्हणाल्या. “पेन्सिल दे गं.”

‘तपासणारी’पुढे त्यांनी आपली सही केली.

“म्हणजे मी विसरले नव्हते,” त्या हळूच म्हणाल्या. एवढंच. लेकाला नाही, सुनेला नाही, कुणाला काही सांगितलं नाही.

पॅकिंगबाईला ते लागलं. शिव्या दिल्या असत्या तर उलट देता आल्या असत्या. क्षमा करण्यातही ही बाई आपल्यापेक्षा सरस निघाली, याचासुद्धा तिला हेवा वाटला. तरी ती पुढे झाली आणि म्हणाली, “चुकलं माझं, विहीणबाई.”

“आजी, खेळात कुणी चुकलं म्हणतं का?” भिंगरी म्हणाली. “तिकडे गेल्यावर रोज एक खोकं लपवायचं. तू बांध, खेळआजी तपासेल.”

“आजी कुठे येतेय तिकडे?” सून म्हणाली.

पॅकिंगबाई भिंतीकडे बघू लागली.

“म्हणजे काय?” विहीणबाईंनी खोकं पिशवीत टाकलं. “बांधणारी इथे राहिली तर मी तिकडे काय तपासू? कपडे घ्या ताई तुमचे. आणि ही माझी पिशवीही जरा नीट भरून द्या. मला मेलीला भरता येत नाही.”

खरंच येत नव्हतं. पॅकिंगबाईनं ती खेळांची पिशवी जमिनीवर रिकामी केली, जड खाली, हलकं वर, नळ्या कडेला, असं सगळं पुन्हा लावलं. मग चिठ्ठीचा कागद फाडला. ‘खेळ, नग एकोणचाळीस. बांधणारी २२.’ शेवटची जागा तिनं रिकामी ठेवली आणि चिठ्ठी अगदी वर, दिसेल अशी ठेवली.