आमदारांची हेल्मेटं आणि साहेबांची सही

थॉमससाहेब सही करायला पेन उघडत होते, तेवढ्यात त्यांच्या फोनवर तो फोटो आला.

मुंबईचा फोटो. विधानभवनाच्या पायऱ्यांवर पाच-सहा आमदार, डोक्यावर पिवळी हेल्मेटं, हातात फलक: 'दत्तू शिरसाटला सोडवा'. खाली आमच्या कंपनीचं नाव.

मी तेव्हा दोह्यात एका बांधकाम कंपनीत एचआर बघत होते. वर्ल्ड कपची कामं जोरात होती. बीडकडचा दत्तू लुसैलच्या साइटवर स्कॅफोल्डर होता, म्हणजे परांची बांधणारा. त्याचा चुलतभाऊ बरवा अल बराहा या कामगार वस्तीत तापाने फणफणला, म्हणून हा फोरमनला सांगून त्याच्यापाशी राहायला गेला. फोरमन विसरला. साइट ऑफिसने 'ॲबस्काँडिंग'ची तक्रार टाकली, म्हणजे कामगार पळाला. रस्त्यात पोलिसांनी कार्ड तपासलं आणि दत्तू थेट डिपोर्टेशन सेंटरमध्ये. आता कंपनीने तक्रार मागे घेतली तरच सुटका; आमचे मॅनेजर थॉमससाहेब त्याच कागदावर सही करणार होते. नाहीतर हद्दपारी, आणि कतारचं दार बंद.

साहेबांनी पेन मिटलं. "अभी साइन किया तो सब बोलेंगे, कंपनी डर गई."

"सर, गलती हमारे फोरमन की है."

"तो तुम्हारे एमएलए लोग छुड़ाएँगे. खलास."

दत्तूच्या बायकोकडून मी त्यांच्या भागातल्या आमदारांचा नंबर घेतला. भांडायच्या तयारीनेच फोन लावला.

"साहेब, होत आलेली सही तुमच्या फोटोमुळे अडली."

"ताई, परदेशाचं खातं दिल्लीचं. पत्रं पाठवून थकलो. आमच्या हातात पायऱ्याच उरल्या. त्याची बायको रोज दारात येऊन बसते, तिला काय सांगू?"

माझा राग तिथेच ओसरला.

"आता काय करू, सांगा," ते म्हणाले.

"कंपनीचे जाहीर आभार माना."

"आभार? माणूस सुटलाय कुठं अजून?"

"सोडवतो म्हणाले होते. तेवढ्याबद्दल माना. त्यात खोटं काही नाही."

संध्याकाळी त्यांचा व्हिडिओ आला. कंपनीने माणुसकी दाखवली, बीड जिल्हा आभारी आहे, वगैरे. तो फिरत फिरत आमच्या कतारी मालकांपर्यंत गेला. मालक खूश. त्यांनी थॉमससाहेबांना फोन करून शाबासकी दिली.

सकाळी साहेबांनी मला बोलावलं. कागद समोरच होता.

"ये थँक्यू का आयडिया किसका था?"

मी पेन पुढे केलं. त्यांनी सही केली. "यल्ला, मंदूब को भेजो." मंदूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांत कंपनीची कामं करणारा माणूस.

त्या आठवड्यात दत्तू सुटून ऑफिसात आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मी त्याला आमदारांचं सगळं सांगू लागले, तर तो मध्येच म्हणाला, "मॅडम, भावाचा ताप उतरला का?"

"उतरला. कामावर जातोय."

मग तो तिथेच जिन्यावर बसला आणि रडला.

तक्रार टाकण्याआधी त्या माणसाबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, फोरमनलासुद्धा, असा नियम मी नंतर साइट ऑफिसला घालून दिला. तो आधीच असता, तर मुंबईत कुणाला पायऱ्यांवर उभं राहावं लागलं नसतं.